कुलपं होती काका, चांगली दोन होती

काका, नमस्कार. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या खेड्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली त्याला आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी चार ओळी खरडून मोकळी होणार होते. बरं झालं, नाही झाले.

बाकीच्यांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगते. ते नेवासे तालुक्यातले, शनि शिंगणापूर त्यांच्या हाकेच्या अंतरावर. 'बिनकुलपाच्या गावाचं कौतुक नेहमी बाहेरून आलेले लोकच करतात. ताई दीड वर्ष पाहुणी म्हणून राहिल्या आणि गावाचा स्वर्ग करून टाकला. चोर सापडला तर तिथे जमाव त्याला जिवंत सोडत नाही, हे का नाही लिहिलं? आणि जिथे तुम्हाला गुंठाभर जमीन विकत घेता येत नाही, त्या गावाच्या आपुलकीचे गोडवे कसले गाता?'

आधी माझी चूक. 'दारं सताड उघडी' हे मी दिवसाबद्दल लिहिलं आणि रात्रीचं लिहायचं राहून गेलं. योग्याकार्ताच्या दक्षिणेला बांतुल जिल्ह्यातलं ते गाव. आमच्या भाड्याच्या घराच्या दाराला दोन कुलपं होती. रात्री नऊ वाजले की गल्लीतल्या प्रत्येक घरात मोटारसायकल आत यायची, थेट बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या शेजारी. फरशीवर टायरचे काळे पट्टे आणि सकाळी चहाबरोबर पेट्रोलचा वास, हे तिथल्या घरोघरचं. चोरीची भीती नसलेल्या गावात कोणी असं करत नाही. तेव्हा तुमचा हा मुद्दा मान्य.

आमच्याकडे चोरीही झाली. ईदच्या सुट्टीत, म्हणजे तिथल्या लेबारानला, आम्ही सहा दिवस बाहेर गेलो. परत येऊन पाहतो तर विहिरीवरचा पाण्याचा पंप गायब. पाइप करवतीने सरळ, नीट कापलेला. चोराला घाई नव्हती. मी तडक पाक एरटेंकडे गेले. एरटे म्हणजे पन्नासेक घरांचा गट, आणि त्याचा निवडलेला प्रमुख तो पाक एरटे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जाताना पामित केलं होतंत का?"

पामित म्हणजे निघताना 'येते हं' म्हणून सांगणं. नव्हतं केलं. घर बंद असल्याची जाहिरात कशाला, हा माझा पुणेरी हिशेब. त्यांचा हिशेब नेमका उलटा. तुम्ही नाही हे शेजाऱ्याला माहीत असेल तर अंगणात वाजणारी करवत त्याला खटकेल. माहीत नसेल तर त्याला वाटेल, भाडेकरूंचं काही काम चाललंय. पंप गेल्यापेक्षा मी न सांगता गेले याचंच त्यांना जास्त लागलं होतं.

रात्रीची गस्त, तिला रोंडा म्हणतात, तीही याच हिशेबाने चालते. नवऱ्याची पाळी बुधवारी असायची. चौकातल्या बांबूच्या माचाणावर लुंगी गुंडाळून आठ-दहा पुरुष पत्ते खेळत, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खात बसायचे आणि मध्यरात्रीनंतर गल्लीतून एक फेरी मारायचे. प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीला प्लॅस्टिकच्या बाटलीचं कापलेलं बूड टांगलेलं. पूर्वी त्यात चिमूटभर तांदूळ ठेवत. जिम्पित म्हणजे चिमूट, म्हणून या वर्गणीला जिम्पितान म्हणतात. आता 500 रुपियाहचं नाणं ठेवतात, आपले अडीच-तीन रुपये. जमलेले पैसे कोणाच्या आजारपणाला, कोणाच्या मयताला, नाहीतर रस्त्यावरच्या दिव्याला. मला गंमत वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. सकाळी नाणं जागच्या जागी दिसलं की अख्ख्या गल्लीला कळायचं, काल रोंडावाले झोपले. पहारेकऱ्यांवर पहारा तीन रुपयांत.

आता जमावाबद्दल. लेखात मी ते टाळलं, कारण माझ्यासमोर तसं काही घडलं नव्हतं. पण पळवाटच ती. माचाणाला केंतोंगान टांगलेला असतो, पोकळ लाकडाचा उभी चीर असलेला ठोकळा. तो सावकाश वाजला तर मयत. न थांबता भरभर वाजला तर तितिर, म्हणजे संकट. दीड वर्षात मी तितिर एकदाच ऐकला, रात्री दीडच्या सुमारास. दार उघडून पाहते तो सगळी गल्ली पळतेय आणि प्रत्येकाच्या हातात काठी नाहीतर कोयता. दोन वळणांपुढे एकाच्या स्वयंपाकाच्या खोपटाला आग लागली होती. बादल्या आणायला सगळे पुन्हा घरी पळाले. काय झालंय हे कळायच्या आधी हातात काय आलं, ते मी पाहिलं काका. त्या रात्री तिथे आगीऐवजी एखादा कोंबडीचोर असता तर काय झालं असतं, हे तुम्ही मला सांगायची गरज नव्हती.

याहून भयंकरही जावात घडलेलं आहे. 1998 साली बान्युवांगीत करणी करणारे म्हणून शंभराहून अधिक माणसं मारली गेली. मग काळ्या कपड्यातले 'निंजा' मारेकरी फिरतात अशी आवई उठली, गावोगाव पहारे बसले, आणि त्या पहाऱ्यांच्या हाती सापडली ती वाट चुकलेली, धड बोलू न शकणारी वेडसर माणसं. नाव-गाव सांगता आलं नाही म्हणून मेलेली. एरटेची ही घडीसुद्धा मुळात तेव्हा जावावर कब्जा असलेल्या जपान्यांनी 1944 मध्ये बसवली, शेजाऱ्याने शेजाऱ्यावर नजर ठेवावी म्हणून. 'पाहुण्याने 24 तासांत कळवावे' ही पाटी आमच्या गल्लीच्या तोंडाशीही होती. आम्ही पासपोर्टची झेरॉक्स देऊन आलो, नवऱ्याने रोंडा धरली, म्हणून नजर आमच्या बाजूची झाली. एवढंच. यात स्वर्ग नाही हे खरं, पण नुसता भाबडेपणाही नाही.

जमिनीच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. इंडोनेशियात 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी हक्क फक्त नागरिकाला. परक्याला फार तर ठरावीक मुदतीचा वापरहक्क. बरोबर. पण काका, मला नेवाशात तरी गुंठाभर शेत कुठे घेता येतं? माझ्या नावावर सातबारा नाही, मी शेतकरी नाही, आपलाच कूळकायदा मला आडवा येतो. म्हणून मी तुमच्या गावाच्या आपुलकीवर शंका घ्यायची का?

आणि जमिनीवरचा त्यांचा जीव तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजेल. जावानीजमध्ये म्हण आहे, 'सादुमुक बातुक, सान्यारी बुमी': कपाळाला लागलेलं बोट आणि बोटाच्या रुंदीएवढी जमीन, दोन्हींसाठी जीव पणाला. तुमच्याकडे बांध कोरण्यावरून पिढ्यान् पिढ्या बोलत नाहीत, तेच हे. वाटण्यांची एक जुनी रीत 'सपिकुल सगेंदोंग' म्हणून आहे: कावडीने माणूस दोन टोपल्या नेतो, पाठीवर बाई एक नेते, म्हणून भावाला दोन वाटे, बहिणीला एक. घरमालकीणबाईंना, म्हणजे आमच्या इबूंना, असाच एक वाटा मिळाला होता. भावाचं शेत समोर दिसायचं आणि त्या तिकडे पाठ करून भात वाळत घालायच्या. याबद्दल त्या कधी अवाक्षर बोलल्या नाहीत, हेही खास तिथलंच.

मोठ्या भीतीवर मात्र केंतोंगानचा उपाय नाही. पूर्वोरेजो जिल्ह्यातल्या वादास गावात धरणासाठी दगडाची खाण निघणार होती. लोकांनी मोजणीला विरोध केला, तर फेब्रुवारी 2022 मध्ये पोलिसांचा ताफा गावात शिरला आणि साठाहून अधिक जणांना उचललं. तितिर कोणासाठी वाजवायचा तिथे?

तुमचं शेवटचं वाक्य होतं, 'सुरक्षित गाव म्हणजे काय ते एकदा सांगा.' व्याख्या नाही देता येणार. कुलपाचं सांगते.

27 मे 2006 च्या सकाळी सहाच्या आत बांतुलला भूकंप झाला. साडेपाच हजारांवर माणसं गेली, बहुतेक विटांच्या, आधारखांब नसलेल्या घरांखाली. इबू चुलीपाशी होत्या, त्यांचे यजमान आतल्या खोलीत. पुढच्या दाराला कुलूप आणि किल्ली खुंटीवर. अंधारात, धुळीत ती खुंटी काही त्यांच्या हाताला लागली नाही. भिंत पडली ती सुदैवाने बाहेरच्या बाजूला, तिथूनच ते निघाले. पुढे महिनाभर गल्ली ताडपत्रीखाली झोपली, आणि रोंडा तेव्हाही चालू होती, पडलेल्या घरांभोवती.

आम्ही राहायला गेलो त्या पहिल्या रात्री मी दोन्ही कुलपं लावली आणि किल्ल्या काढून नव्या खिळ्याला अडकवल्या. सकाळी इबू दूध द्यायला आल्या, खिळ्याकडे पाहिलं, किल्ल्या काढल्या आणि दोन्ही आतून कुलपांत परत घालून ठेवल्या. काहीच बोलल्या नाहीत. खिळा मात्र दुपारी त्यांनी उपटून नेला.