अरोरा म्हणजे फुटलेला प्रारणपट्टा नव्हे

मे 2024 मध्ये लडाखमधल्या हानलेहून लाल आभाळाचे, म्हणजे अरोराचे (अवकाशातले कण वरच्या हवेवर आदळून दिसणाऱ्या उजेडाचे) फोटो आले आणि आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. सौरवादळाची बातमी आली की तो अजून येतो: 'पृथ्वीभोवतीचा प्रारणपट्टा फुटून सांडतो, तोच अरोरा. पट्टा रिकामा होतो, किरणं मुंबईपर्यंत पोचतात. रात्री मोबाइल बंद ठेवा.' शेजारच्या काकूंनी खरंच फोन बंद केला, आणि पुण्याला त्यांचा मुलगा रात्रभर घाबरून फोन लावत बसला. म्हणून हे लिहितेय. प्रारणपट्टे म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांची कडी, मुख्य दोन: एक आतलं, एक बाहेरचं.

पट्टा सांडतो, हे आधी शास्त्रज्ञांनाही वाटायचं. 1958 मध्ये जेम्स व्हॅन ॲलन यांनी पट्टे शोधले, तेव्हा गळक्या बादलीची कल्पना पुढे आली. पुढे भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन ओब्रायन यांनी इंजुन उपग्रहांच्या नोंदींवरून हिशेब मांडला. अरोराला लागणारी ऊर्जा पट्ट्यातून गेली असती, तर पट्टा काही तासांत कोरडा पडला असता. प्रत्यक्षात अरोराच्या वेळी पट्ट्यात कण वाढलेले दिसले! बादली गळत नव्हती, वरून कणांची सर कोसळत होती (तोच अरोरा) आणि तिचेच थोडे शिंतोडे बादलीत साठत होते.

पट्टा रिकामा होतो, हे अर्धंच खरं. वादळाच्या सुरुवातीला बाहेरच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन खरंच घटतात. काही वातावरणात शिरतात, तर सौरवाऱ्याच्या दाबाने चुंबकीय कवच आत ढकललं गेलं की बरेच बाहेर निसटतात. पण त्यानंतर अवकाशातल्या रेडिओ लहरी उरलेल्यांना जोर देतात आणि पट्टा पुन्हा भरतो, कधी आधीपेक्षा जास्त. 1989 ते 2000 मधली 276 वादळं तपासली, तेव्हा निम्म्याहून जरा जास्त वादळांनंतर इलेक्ट्रॉन वाढले होते, साधारण पाचातल्या एका वादळानंतर घटले होते, बाकीच्यांत फारसा फरक नव्हता. 2012 मध्ये तर तिसरा पट्टा तयार होऊन सुमारे चार आठवडे टिकला. मेसेजवाल्यांच्या त्या मे 2024 च्या वादळानेही दोन तात्पुरते पट्टे जास्तीचे दिले.

मुंबईत किरणं? बाहेरच्या पट्ट्याच्या चुंबकीय रेषा जमिनीला टेकतात त्या साठ अंशांच्या आसपासच्या चुंबकीय (म्हणजे चुंबकीय ध्रुवांवरून मोजलेल्या) अक्षांशांवर. मुंबई आहे दहाच्या आसपास. शिवाय डोक्यावरच्या हवेचं वजन दहा मीटर पाण्याइतकं. पट्ट्यातले इलेक्ट्रॉन कित्येक किलोमीटर वरच अडतात. फोन बंद ठेवून त्यात काडीचाही फरक पडत नाही. धोका असतो तो उपग्रहांना. जानेवारी 1994 मध्ये कॅनडाचे दोन अनिक उपग्रह याच इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात भरकटले होते.

वादळ मुंबईला पोचतं, पण चुंबकाच्या रूपात. 2 सप्टेंबर 1859 च्या सौरवादळात कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकाचं वाचन डोळ्यांनी घेतलं जात होतं. पृथ्वीचं आडवं चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी, म्हणजे जवळपास चार टक्क्यांनी खाली आलं. जगभरचे अभ्यासक आजही ती नोंद वापरतात. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांनी वाचन बिघडेल म्हणून हे काम 1904 मध्ये अलिबागला हलवलं, आणि तिथे ते आजही चालू आहे.

काकू, पुढच्या वादळात फोन चालू ठेवा.