‘सगळं पीडीएफ करून टाका’ हा सल्ला का चुकतो

“डिजिटल संग्रह म्हणजे पीडीएफचं गोदाम. स्कॅन करा, पीडीएफ करा, क्लाउडवर चढवा; बाकी गुगल शोधून देईल. यासाठी वेगळी माणसं कशाला?” असा मजकूर वरचेवर फिरत असतो. तो खरा मानून माणसं कमी केली, तर नुकसान लगेच दिसत नाही. काही वर्षांनी फाइल उघडेनाशी होते किंवा उघडूनही निरुपयोगी ठरते, तेव्हा ते कळतं. म्हणून त्यातले मुद्दे एकेक करून पाहू.

“आत पीडीएफच तर असतात.” पीडीएफ भरपूर असतात, हे मान्य. पण त्यांच्या शेजारी मोजमापांची कोष्टकं, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं, नकाशे, प्रोग्रॅमचा कोड, जतन केलेली संकेतस्थळं आणि परिषदांतली पोस्टरंही असतात. १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी सुरू केलेल्या ‘आर्काइव्ह’ या शोधनिबंधांच्या खुल्या संग्रहावर टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिलेल्या लेखाची नुसती पीडीएफ चालत नाही, मूळ टेक फाइली द्याव्या लागतात. शिवाय एका नोंदीत एकच फाइल असते असंही नाही. डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरमधली प्रबंधाची नोंद पाहा: मूळ फाइल, शोधासाठी काढलेला मजकूर, लघुचित्र आणि परवाना असे वेगवेगळे गट तिच्यात असतात.

“सगळं पीडीएफ करा.” सर्वाधिक नुकसान करणारा सल्ला हाच. कोष्टक पीडीएफमध्ये गेलं की आकडे दिसतात, पण त्यांच्यावर गणित करता येत नाही. सूत्रं जातात, स्तंभ सरकतात, पानाच्या शेवटी ओळ तुटते. विदा (डेटा) सीएसव्हीतच, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे करणाऱ्या साध्या फाइलीतच ठेवायला हवी, आणि तिच्यासोबत प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक आणि नसलेल्या नोंदीची खूण सांगणारी साधी मजकूर फाइल हवी. ही फाइल नसेल तर काय होतं? तापमानाच्या स्तंभात २४, २६ आणि -९९९ आहेत. -९९९ म्हणजे ‘नोंद नाही’, हे माहीत नसलेला माणूस सरासरी काढतो -३१६.३३. हा आकडा निदान डोळ्यांत खुपतो. ‘नोंद नाही’साठी शून्य वापरलेलं असेल तर चूक कुणाच्याच लक्षात येत नाही.

सीएसव्हीलाही जपावं लागतं. डबल क्लिक करून ती स्प्रेडशीटमध्ये उघडली की ००४१७ हा क्रमांक सहसा ४१७ होतो, आणि तशीच सेव्ह केली की शून्यं कायमची गेली. ‘मार्च१’ या जनुकाचं नाव तर १ मार्च ही तारीख व्हायचं. अशा चुका इतक्या पसरल्या की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’ अशी नवी नावं दिली आणि २०२० मध्ये तसं जाहीरही केलं. म्हणून फाइल आयात करताना असे स्तंभ ‘टेक्स्ट’ ठरवावेत आणि जमा झालेली मूळ प्रत कधीही संपादनासाठी उघडू नये.

“स्कॅन झालं की काम झालं.” ए-फोर आकाराचं एक पान ४०० पीपीआयला (दर इंचाला ४०० ठिपके), २४ बिट रंगात, न दाबलेल्या (आकार कमी न केलेल्या) टिफ या प्रकारच्या प्रतिमा-फाइलीत सुमारे ४६ एमबी होतं. जागा वाचवायला ते दाबण्याचा मोह होतो, आणि घोळ तिथेच होतो. २०१३ मध्ये संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्सच्या काही यंत्रांतून एक आराखडा स्कॅन केला. कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ होती, स्कॅनमध्ये तिन्हींवर १४.१३ उमटलं. प्रतिमा दाबताना सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांच्या जागी एकच आकृती वापरल्याने हे झालं. अक्षर धूसर असतं तर शंका आली असती. इथे चुकीचा आकडा अगदी सुबक होता. मूळ प्रत टिफमध्येच ठेवा, वाचकांसाठी हलकी पीडीएफ वेगळी बनवा, आणि काही पानांवरचे आकडे कागदाशी ताडून पाहा.

“गुगल शोधून देईल.” युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमधली पीडीएफ घ्या. कृतिदेव या अशाच फॉन्टमधला ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर नीट दिसतो, पण अशा फाइलमधून तो कॉपी केला की बहुधा ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं हाती येतात. शोधयंत्राला दिसतात तीही तीच. मजकूर युनिकोडमध्ये बदलून जोडल्याशिवाय असा लेख शब्दावरून सापडत नाही. ध्वनिमुद्रण किंवा छायाचित्रात तर बहुधा मजकूरच नसतो. तिथे कोण, कुठे, केव्हा हे कुणीतरी लिहून ठेवावंच लागतं.

“क्लाउडवर आहे, म्हणजे सुरक्षित.” सिंक केलेला फोल्डर चूकही इमानाने पसरवतो: एकीकडे फाइल बिघडली की बिघडलेलीच सगळीकडे जाते. फाइल जमा होतानाच तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या आशयावरून काढलेला, ती जराशी बदलली तरी बदलणारा आकडा) काढून वेगळा नोंदवावा, ठरावीक काळाने पुन्हा काढून ताडावा, आणि जुळला नाही तर चांगल्या प्रतीवरून फाइल परत आणावी. त्यासाठी किमान तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

“चढवलं की सगळ्यांना खुलं.” मुलाखत देणाऱ्याची संमती मर्यादित असेल, प्रबंधावर मुदतबंदी (ठरावीक काळ खुला न करण्याची अट) असेल, तर फाइल बंद राहते आणि वर्णन खुलं. डीओआय (संदर्भासाठीचा कायमचा ओळख क्रमांक) दिलेली नोंद मागे घेतली तरी तिचं पान पुसायचं नसतं. शीर्षक, कर्ते, तारीख आणि मागे घेण्याचं कारण तिथे राहू द्यावं, म्हणजे आधी कुणी दिलेला संदर्भ रिकाम्या पानावर जाऊन थांबत नाही.