काकूंचा डबा

दुबईला निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी मुलासाठी डबा दिला. ब्राऊन टेपने असा गुंडाळलेला की सुरीच लागावी. "मेतकूट आहे गं, जड नाही." मी तसाच बॅगेत टाकला. काकूंचा डबा कोण उघडून बघतं?

आणि विमानात बसल्यावर मला ते मुंबईचं जोडपं आठवलं.

जुलै 2019. नात्यातल्याच बाईने दोघांना कतारची सहल घडवली आणि सोबत एक पुडकं दिलं, जर्दा आहे म्हणून. दोहाच्या विमानतळावर त्यातून चार किलोच्या वर चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षं. बायको गरोदर होती, मुलगी तुरुंगातच जन्मली. इकडे घरच्यांनी तक्रार लावून धरली, एनसीबीने, म्हणजे आपल्या अमली पदार्थविरोधी खात्याने, तपास केला, तेव्हा कुठे 2021 मध्ये निर्दोष सुटून दोघं परत आले.

कतारचा कायदा कडक आहे, असू दे. ज्याच्या घरी जायचं त्याच्या उंबऱ्याचा मान ठेवावाच लागतो. पण पुडकं कुणी दिलं, हे आधी विचारा ना!

तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर केवढी हळहळ. परवा त्याच ग्रुपवर नालासोपाऱ्यात एका नायजेरियनला पकडल्याची बातमी आली. 'यांना कोर्टबिर्ट कशाला, ठोका सरळ.' खाली अकरा अंगठे. मीही गप्प बसले, खोटं कशाला बोलू.

गुन्हा सिद्ध झाला तर भोगू दे की शिक्षा. पण मराठी पंचनाम्यावर सही घेताना त्यात काय लिहिलंय, हे त्याला समजेल अशा भाषेत कुणी सांगायला नको? त्याच जुलै 2019 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला सुनावलं, की तिथे कैदेत असलेल्या कुलभूषण जाधवांना भारतीय अधिकाऱ्यांना भेटू न देणं हा व्हिएन्ना कराराचा भंग आहे. आपण किती खूश झालो होतो! तोच करार नालासोपाऱ्यातल्या कोठडीलाही लागू आहे. आपल्या संविधानाच्या 19व्या कलमात 'नागरिक' आहे, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या 21व्या कलमात मात्र 'व्यक्ती', म्हणजे परदेशी माणूसही. एका नायजेरियन आरोपीला गूगल मॅपवर सतत आपला ठावठिकाणा दाखवण्याची जामिनाची अट होती. जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती याच कलमावर बोट ठेवून काढून टाकली. त्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती अभय ओक होते. ग्रुपवर ही बातमी काही कुणी टाकली नाही.

तर, काकूंच्या मुलाने माझ्यासमोरच टेप कापली. मेतकूटच होतं. भाजणी राहिली म्हणे, ती पुढच्या खेपेला देणार आहेत.