उणे वयाच्या फायली

साहेबांनी काल सगळ्यांसमोर माझ्या स्क्रिप्टमध्ये बग आहे असं जाहीर केलं. बग स्क्रिप्टमध्ये नव्हता. तो अकाउंट्सच्या खुर्चीत बसून भडंग खात होता.

ऑडिटरला यादी हवी होती: 31 मार्चनंतर कोणकोणत्या फायली बदलल्या? एप्रिल 2023पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणं सक्तीचं झालंय. त्यामुळे आमच्याकडे खरा हिशेब एक्सेलमध्ये होतो आणि सॉफ्टवेअरमध्ये नुसता उतरवला जातो. (हे मी ऑडिटरला बोललो नाही. मुलाची फी भरायची आहे.)

काम पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला सांगितलं. फाइल::फाइंड नावाचं मॉड्यूल फोल्डरांत, पोटफोल्डरांत हिंडतं; आपण फक्त एक छोटं फंक्शन त्याच्या हवाली करायचं. हाच कॉलबॅक. लग्नात आहेराच्या वहीवर पुतण्याला बसवतात ना, तसा. पाहुणा कुठून येतोय, किती येणार आहेत, त्याला घेणं नाही. समोर आला की नोंदायचा. माझा पुतण्या प्रत्येक फायलीला एकच विचारत होता: तुझं ‘मायनस एम’ किती? म्हणजे बदलून किती दिवस झाले. हे दिवस अपूर्णांकातही येतात, आणि मोजले जातात स्क्रिप्ट सुरू झाली त्या क्षणापासून मागे. हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या, साहेबांच्या नव्हतं.

यादीत जवळजवळ सगळ्या फायली आजच बदललेल्या. तळाच्या काहींचं वय तर चक्क उणे. मी अकाउंट्सच्या काकांना गाठलं.

“काका, तुम्ही फायली उघडल्या का?”

“म्हणजे काय! ऑडिट आहे. सकाळपासून एकेक नजरेखालून घालतोय. अजून चालूच आहे.”

“काही बदललं?”

“छे! आकड्याला हात लावला असेल तर बघ.”

“मग सेव्ह का केल्या?”

“ते विचारतं ना बंद करताना, सेव्ह करू का म्हणून. इतकं अदबीनं विचारतंय तर हो म्हणावं. नाही म्हणून कुणाचं भलं झालंय?”

विचारणारच. प्रत्येक शीटच्या डोक्यावर काकांनी हौसेनं आजची तारीख दाखवणारं ‘टुडे’चं सूत्र घातलंय. ते दर वेळी नव्यानं मोजलं जातं, म्हणून काही न बदलताही एक्सेलला वाटतं, बदललं. मी हे समजावलं. काकांनी भडंगाची पुडी माझ्यापुढे सरकवली.

“एवढंच ना? मग आता सगळ्या परत उघडतो आणि ‘नको’ म्हणतो. होईल की पूर्ववत.”

जुन्या तारखा बॅकअपमध्ये सापडाव्यात. पण नव्या डिस्कवर फायली टाकताना बाहेरच्या माणसानं कॉपी करायची साधी ‘सीपी’ कमांड चालवली, जुनी तारीख जपणारं ‘मायनस पी’ न लावता. तिथे सगळ्यांची तारीख कॉपी केली त्या दिवसाची. बाहेरचा माणूस का, तर मी रविवारी येण्याचे पैसे मागितले होते. मागायचे नसतात म्हणे.

मीटिंगमध्ये साहेबांनी उणे आकड्यावर बोट ठेवलं. “ही फाइल काय उद्या बदलणार आहे?” हशा. मी म्हणालो, सर, स्क्रिप्ट सुरू झाल्यावर काका सेव्ह करत होते, म्हणून वय शून्याच्या खाली गेलं. पर्ल बरोबरच सांगतंय. खरं तर त्या उणे चिन्हानंच चोर रंगेहाथ पकडून दिला होता. पण साहेब काकांकडे वळले होते.

“काका, तुम्ही हातानं करा यादी. मशिनचं काही खरं नाही.”

काकांनी लाल शाईच्या पेनानं आखलेली यादी दिली. ज्या फायली बदलल्याचं त्यांना आठवत होतं तेवढ्याच होत्या. ऑडिटरनं खाली सही केली, अक्षराचं कौतुक केलं आणि चहा घेतला. मला मात्र दोन ओळींचं लेखी स्पष्टीकरण द्यायचंय, स्क्रिप्ट का चुकली याचं, संध्याकाळी सहाच्या आत.