जपा, पण बोलू नका

गणपतीत इकडे लंडनला महाराष्ट्रातून कुणी ना कुणी पाहुणे येतात आणि व्यासपीठावरून आम्हाला सांगतात, "साता समुद्रापार मराठी जपताय, धन्य आहात." तेच आम्ही महाराष्ट्रातल्या शाळांमधल्या तिसऱ्या भाषेच्या सक्तीवर दोन ओळी लिहिल्या की उत्तर ठरलेलं: "निघून गेलात ना? मग आम्हाला शिकवू नका." थोडक्यात, आम्ही भाषेचं लोणचं घालून बसायचं. तोंड उघडायचं नाही.

पोलिश लोकांनी हा वाद कधीच घालून ठेवलाय. १८९९ मध्ये कादंबरीकार एलिझा ओझेश्कोवा यांनी जोसेफ कॉनरॅडवर तोफ डागली. देश तीन साम्राज्यांनी वाटून खाल्लेला, आणि हा पोलिश माणूस इंग्रजीत लिहून पैसे कमावतो! दोनच वर्षांनी कॉनरॅडची 'एमी फॉस्टर' ही कथा आली. अमेरिकेला निघालेला कार्पेथियन डोंगरातला एक गडी जहाज फुटून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतो. तिथलीच मुलगी करतो. पण बाळाला तो आपल्या बोलीत गाणी म्हणू लागतो, ते तिला खपत नाही. पुढे तापाने फणफणलेला असताना तो पाणी मागतो. आपण इंग्रजीतच मागतोय असं त्याला वाटत असावं. बायको घाबरते, बाळाला उचलते आणि पळून जाते. ओझेश्कोवाबाईंना यापेक्षा चांगलं उत्तर कुठलं मिळणार होतं?

पोलिश लेखक विटोल्ड गोंब्रोविचची तऱ्हा वेगळी. तो ऑगस्ट १९३९ मध्ये बोटीने ब्वेनोस आयर्सला पोहोचला, मागे युद्ध पेटलं आणि तो १९६३ पर्यंत तिथेच राहिला. 'ट्रान्स-अटलांटिक' या कादंबरीत त्याने तिथल्या पोलिश वकिलातीतल्या बड्या बड्या देशभक्तांची यथेच्छ टिंगल केली. स्थलांतरित पोलिश चवताळले. तरी ती छापली कुणी? पॅरिसजवळून 'कुल्तुरा' मासिक चालवणाऱ्या येझी गेद्रोयचने, म्हणजे त्यांच्यातल्याच एकाने.

गेद्रोयच हा खरा हट्टी माणूस. मासिकावर कम्युनिस्ट पोलंडमध्ये बंदी, अंक चोरून जायचे. पण त्याने आपल्या वाचकांनाही सोडलं नाही. युद्धाआधी पोलंडमध्ये असलेली ल्विव्ह आणि विल्नियस ही पूर्वेकडची शहरं गेली, ती आता गेलीच म्हणा, ही भूमिका त्याच्या मासिकाने पन्नाशीच्या दशकात घेतली. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची घरं त्याच पूर्वेकडच्या मुलखातली. अशा माणसांना हे ऐकवायचं! (बेळगावबद्दल असं काही आपल्याकडे लिहून बघा.) मायदेशात यावर मोकळेपणाने चर्चा करणं शक्य नव्हतं आणि परदेशातल्यांना ते ऐकायचं नव्हतं, तरी छापलं. बाहेर राहण्याचा उपयोग असेल तर तो हा.

आमच्या मंडळांच्या स्मरणिका काढून बघा. आजोळचा पाऊस, आजीच्या पुरणपोळ्या, पहिला बर्फ. व्हिसासाठी नको ती नोकरी धरून बसलेला माणूस त्यात नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी आई आहे, पण फक्त फराळ पाठवण्यापुरती. आडनाव विचारून जात हुंगण्याची आपली सवय विमानातून सोबत आलीय, तिच्यावर तर अवाक्षर नाही. तुम्ही आम्हाला गप्प बसवता हे खरं, पण आम्हीही फार काही बोलायला निघालो नव्हतो.

यंदा कुणी दिवाळी अंकासाठी 'परदेशातली दिवाळी' मागितली तर मी देणार नाही. मंडळातल्या जातीवर लिहू देणार असाल तर बोला.