डॉल्फिनची हमी देऊ नका, आणि मागूही नका

आज सकाळी भावंडांच्या ग्रुपवर एक जाहिरात आली. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मालवणजवळच्या देवबागला जायचं घाटतंय, त्यासाठी कुणीतरी टाकलेली. ‘इको-फ्रेंडली डॉल्फिन सफारी. शंभर टक्के हमी. दिसले नाहीत तर पैसे परत.’ खाली व्हिडिओ. पाण्यात एक पाठ वर येते आणि आजूबाजूच्या सगळ्या बोटी तोंड वळवून तिच्यावर धावतात. शिट्ट्या, आरडाओरडा, एका बोटीवर स्पीकर. जाहिरातीच्या कोपऱ्यात हिरव्या पानाचं चित्र. दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

हमी कसली देता? ते समुद्रातलं मोकळं जनावर आहे. हमी दिली की बोटवाल्याला ते शोधून, गाठून, दाखवूनच परतावं लागणार. एकदा दिसून बुडालं की पुढे कुठे वर येईल याचा अंदाज बांधून आडवं जावं लागणार. सगळा पाठलाग त्या एका वाक्यातून सुरू होतो.

देवबागलाच काही वर्षांपूर्वी आम्ही एका वयस्क नाखव्याबरोबर गेलो होतो. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून बाहेर पडून निवतीच्या बाजूला निघालो. बोटीत आमच्याखेरीज आणखी एक कुटुंब होतं. बऱ्याच वेळाने लांबवर एक करडी पाठ दिसली. आम्ही सगळे उभे राहिलो, आणि नाखव्याने इंजिन बंद केलं. "आवशीवांगडा पिल्लू आसा. गप रवा." म्हणजे, आईबरोबर पिल्लू आहे, गप्प राहा. दुसऱ्या कुटुंबातले गृहस्थ म्हणाले, काका, जवळ घ्या ना, एवढे पैसे कशाचे दिले? नाखवा हलला नाही. सुकाणूवर पाय ठेवून बसून राहिला. "त्येंका येवचा आसात तर येतले."

हा जो डॉल्फिन आपल्या किनाऱ्याला दिसतो, तो हंपबॅक डॉल्फिन. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. तो खोल समुद्रात फारसा जातच नाही. खाडीची तोंडं, उथळ पाणी, किनाऱ्यालगतचे मासे, हेच त्याचं घर आणि हेच त्याचं ताट. म्हणजे आपल्या बोटी जिथे फिरतात नेमकं तिथेच. मासा शोधायचा तो आवाजाने, पिल्लाला हाक मारायची ती आवाजाने, आणि वरून इंजिनांची घरघर. श्वासासाठी तर त्याला पाण्याबाहेर यावंच लागतं, तिथेही आपण मोबाईल धरून हजर. जेवत्या ताटावरून कुणाला उठवू नये, हे आपल्या सगळ्यांच्या घरी शिकवलंय ना?

कायदा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत. जगात संकटग्रस्त म्हणून या जातीची नोंद आहे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं. 2013 मध्ये केंद्राने टाक्यांमध्ये डॉल्फिन ठेवून खेळ करायला देशभर मनाई केली, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग टाकीतला खेळ वाईट आणि समुद्रात त्याच्याभोवती रिंगण धरलेलं चालतं?

आणि हे त्याच किनाऱ्यावर, जिथे मच्छिमार जाळ्यात अडकलेलं कासव किंवा डॉल्फिन स्वतःचं जाळं कापून सोडतो. त्यासाठी राज्य सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं, पण जाळं कापलं की त्याचा त्या दिवसाचा धंदा बुडतो तो बुडतोच. तो एवढं सोसतो, आणि आपल्याला तासभर गप्प बसवत नाही.

हो, बोटवाल्यांचंही पोट आहे, पावसाळ्यात सगळं बंद असतं, बोटीचे हप्ते असतात. मान्य. मला राग त्यांच्यावर नाहीच मुळी. राग आहे तो "एवढे पैसे कशाचे दिले" म्हणणाऱ्यांवर. तो नाखवा त्या दिवशी पैशांवर पाणी सोडायला तयार होता. किती जणांना परवडतं ते? त्याच्यासारख्याला वाईट अभिप्राय लिहायचा आणि डॉल्फिनच्या अंगावर बोट नेणाऱ्याला पाच तारे द्यायचे, हे आपलं चाललंय.

त्या दिवशी पुढे काय झालं तेही सांगते. बोट नुसती डुलत होती. मग अगदी जवळून ‘फुस्स’ असा श्वास ऐकू आला, आधी आवाज आणि मग पाठ. तिच्या बगलेला चिकटून छोटी पाठ. दोन-तीनदा वर आल्या, मग भोगव्याच्या दिशेने निघून गेल्या. मघाचे ते गृहस्थ मुलीला कडेवर घेऊन उभे होते, फोटो काढायचंही विसरले. उतरताना त्यांनी नाखव्याला वाकून नमस्कार केला. माणसं वाईट नसतात हो. त्यांना कुणी थांबायला सांगितलेलं नसतं, एवढंच.

पण जवळ आल्याच नसत्या तरीही तो नाखवा बरोबरच होता. निवतीचा किल्ला पाण्यावरून बघायला मिळतो, घिरट्या घालणारे समुद्री गरुड दिसतात, संगमावर पाण्याचा रंग बदलतो, पैसे त्याचे द्यायचे.

तेव्हा बुकिंगचा फोन कराल तेव्हा "डॉल्फिन नक्की दिसतील ना?" हे विचारू नका. विचारा की दिसल्यावर इंजिन बंद करता का, लांब थांबता का, आधीच एखादी बोट तिथे असेल तर मागे राहता का. "हो" म्हणणाऱ्याला दोन पैसे जास्त द्या आणि न दिसताही चांगला अभिप्राय लिहा.

ग्रुपवर मी कळवलंय, त्या जाहिरातवाल्याकडे मी येणार नाही. देवबाग, तारकर्ली, भोगवे, निवती भागात इंजिन बंद करून थांबणारं कुणी माहीत असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. आम्ही मुलं धरून बारा-पंधरा जण आहोत.