आईनं दोन दिवस सांगितलंच नाही

घरात भाजणीचा वास सुटला की मला गेल्या दिवाळीतला आईचा चेहरा आठवतो. म्हणून हे सण सुरू व्हायच्या आधी लिहितोय. पोस्ट लांबलीय, पण घरातल्या मोठ्या माणसांना तेवढी वाचून दाखवा.

धनत्रयोदशीचा दिवस होता. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरी आई एकटीच चकल्या करत होती. मांडीवर सोऱ्या, गॅसवर कढई, हात पिठानं आणि तेलानं भरलेले. तेवढ्यात फोन आला. ‘आजी, पुण्याहून तुमचं पार्सल आलंय. पत्ता अपुरा आहे. ॲप पाठवलंय ते घ्या आणि पाच रुपये भरा, नाहीतर परत जाईल.’ धाकटा भाऊ पुण्यात असतो आणि दरवर्षी दिवाळीला तिला साडी पाठवतो. तिला वाटलं, त्याचीच साडी आली. घाणा करपेल म्हणून तिनं करंगळीनं स्क्रीन दाबली, बाकीची बोटं भरलेली होती ना. तो माणूस सांगेल तिथं ‘अलाऊ’ करत गेली आणि पाच रुपयांसाठी पिनही टाकला.

संध्याकाळी औषधाच्या दुकानात पैसे देताना शिल्लक नाही असं दिसलं. ३८ हजार ४०० रुपये गेले होते. बाबांच्या माघारी येणाऱ्या पेन्शनमधून तिनं साठवलेले.

त्यानंतर ती दोन दिवस गप्प राहिली. पणत्या लावल्या, रांगोळी काढली, नातवंडांना फराळाचे डबे भरून दिले. नरकचतुर्दशीला पहाटे माझ्या पाठीला उटणं लावता लावता तिचा हात थांबला आणि ती रडायलाच लागली.

मी म्हणालो, ‘अगं आई, त्याच दिवशी का नाही सांगितलंस?’

‘समोरच्या काकांचे पैसे गेले तेव्हा तूच म्हणालास, एवढी शिकलेली माणसं इतकी बावळट कशी. मला वाटलं, मलाबी तसंच म्हणशील.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून आजही जात नाही. चोरानं पैसे नेले ते अर्ध्या तासात. पुढचे दोन दिवस मात्र माझ्या जिभेमुळं गेले.

ते दोन दिवस का महत्त्वाचे, ते सांगतो. चोरलेला पैसा एका खात्यात थांबत नाही. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातो, तुकडे होतात आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून कोणीतरी काढून नेतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लागला की तक्रार त्या साखळीतल्या बँकांकडं जाते आणि जिथं पैसा सापडेल तिथं तो गोठवता येतो. म्हणजे ही सगळी शर्यत तासाभराची. बँका दिवाळीत बंद असतात हे त्या लोकांनाही माहीत असतं, पण १९३० बंद नसतो. फोन करताना खातं कुठल्या बँकेत आहे, किती रुपये गेले, किती वाजता आणि व्यवहाराचा नंबर काय, एवढं हाताशी ठेवायचं. आमचे सात हजार कुठल्यातरी खात्यात अडकलेले सापडले. बाकीचे पुढं निघून गेले होते.

आणखी एक नियम फार लोकांना माहीत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं होतं, की चूक आपली असली, पिन किंवा ओटीपी आपणच दिला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची. आणि त्याच परिपत्रकात होतं, चूक ना आपली ना बँकेची, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की आपल्यावर भुर्दंड येत नाही. म्हणजे लाजेपायी गप्प बसणं हे चोरीच्या वरचं नुकसान आहे. त्यामुळं बँकेला लगेच कळवायचं, आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवायचा.

आईच्या फोनमध्ये जे शिरलं ती एपीके फाईल होती, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून, मेसेजमधून येणारं ॲप. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, पार्सल, कुठल्याही नावानं येते, ओळखीच्या माणसाच्या नंबरवरूनही येते, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. परवानगी दिली की ती आपले मेसेज वाचते. चुकून घेतलीच, तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका आणि बँकेला दुसऱ्याच्या फोनवरून कळवा. आणि पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. सुट्टीत कोकणात जायला रूम बघताय, तर नंबर दोन ठिकाणी ताडून मगच ॲडव्हान्स द्या. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटक, असला प्रकार कुठल्याच कायद्यात नाही, कॉलवरचा साहेब कितीही खाकीत असू दे.

खाकीवरून आठवलं. महाद्वार रोड आणि गुजरीच्या सराफ बाजारात सणाची गर्दी असते तेव्हा वयस्कर बायकांना गाठून ‘आक्का, पुढं चोरी झालीय, साहेब तपासणी करायला लागलेत, दागिने काढून रुमालात बांधा’ म्हणणारे तोतये जुनेच आहेत. गाठ बांधून परत देतात. घरी येऊन सोडली की आत खडे. खरा पोलीस भर रस्त्यात कुणाला मंगळसूत्र काढून रुमालात बांधायला लावत नाही. असं कुणी म्हणालं की सरळ जवळच्या दुकानात शिरायचं आणि पोलिसांचा ११२ लावायचा. भाऊबीजेला माहेरी जाताना दारात दुधाच्या पिशव्या साठू देऊ नका, शेजारच्या वैनींना सांगून जा, आणि स्टेटस परत आल्यावर ठेवा.

ज्या पोरांना ‘तुझं खातं महिनाभर दे, पाच हजार देतो’ असं सांगणारं कोणी भेटतंय, त्यांनाही हात जोडून सांगतो. आईचे पैसे गेले ते अशाच कुणाच्या तरी खात्यातून गेले. पोलीस आधी त्याच खात्याच्या मालकाच्या दारात येतात.

पेठेतल्या तालमींकडं, म्हणजे आमच्याकडच्या मंडळांकडं, एक मागणं आहे. आपल्याकडं गणपतीत सजीव देखाव्यांतून केवढे मोठे विषय मांडले जातात, ते बघायला गावोगावची माणसं येतात. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या टाकून बसवा आणि १९३० त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. कुणाचे पैसे गेले असतील तर तिथं बोलू द्या, आणि कुणी हसलं तर त्याला गप्प करा.

आमच्या स्वयंपाकघरात आता कॅलेंडरशेजारी आईनं स्वतः मार्करनं १९३० लिहिलंय आणि त्याखाली माझा नंबर. परवा मी कामावर असताना तिचा फोन आला. ‘पार्सल आलंय म्हणतोय. मी काय दाबलं नाही. तू बोल त्याच्याशी.’ कुरिअरचा पोरगा खरोखरच दारात उभा होता. तिनं फोन त्याच्या हातात दिला. मी त्याला म्हटलं, थांबवल्याबद्दल माफ कर, गेल्या वर्षी आमच्या घरी असं असं झालंय. तो म्हणाला, ‘असू दे दादा, माझ्या आजीचंबी गेल्यात.’ मग आईनं त्याला चहा दिला आणि साडीचं पार्सल घेतलं.